लोकसंख्येवर इंग्रजीत लिहिताना आधी काय मोजताय ते ठरवा

कागलच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते, जोडीला स्पर्धा परीक्षांचे फॉर्मही भरते. ती लिहिते: “लोकसंख्येवर परिच्छेद लिहायचा म्हटलं की ‘पॉप्युलेशन इज इन्क्रीजिंग डे बाय डे’च्या पुढं माझी गाडी सरकत नाही. शब्दांच्या जोड्यांची यादी पाठ केली, तरी वाक्यात घातल्यावर ते खटकतंच. कोणता शब्द कशाबरोबर येतो हे ओळखायचं कसं? आणि पॉप्युलेशननंतर ‘इज’ की ‘आर’?”

कोल्हापुरात इंग्रजी शिकवताना हा प्रश्न मला दर वर्षी नव्या मुलांकडून ऐकायला मिळतो. गाडी अडण्यामागचं कारण खरंच महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यादी पाठ करून काम होत नाही, कारण यादीत शब्द असतात. तो शब्द कोणत्या गोष्टीबद्दल बोलतो हे नसतं. मराठीत आपण ‘लोकसंख्या जास्त आहे’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. पण त्या एका ‘जास्त’मध्ये चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. एकूण माणसं किती, ती किती जागेत राहतात, किती वेगानं वाढतात, आणि त्यांत म्हातारे किती, तरुण किती, शहरी किती. इंग्रजीत या चारही गोष्टींचे सोबती शब्द वेगळे आहेत. तेव्हा पेन उचलण्याआधी स्वतःला विचारायचं, मी नेमकं काय मोजतोय? एवढं ठरलं की निम्म्याहून जास्त चुका लिहिण्याआधीच टळतात.

शब्दांचं असं ठरलेल्या जोडीनं येणं आपल्याला परकं नाही. आपण काळाकुट्ट म्हणतो, हिरवागार म्हणतो, पांढराशुभ्र म्हणतो. हिरवाकुट्ट कुणी म्हणत नाही. हे कुणी व्याकरणातून शिकवलेलं नसतं, कानावर पडून बसलेलं असतं. इंग्रजी आपल्या कानावर तेवढं पडत नाही, म्हणून ते समजून घेऊन बसवावं लागतं.

पहिली गोष्ट आकार. एकूण संख्या मोठी असेल तर ‘लार्ज पॉप्युलेशन’, लहान असेल तर ‘स्मॉल पॉप्युलेशन’. ‘ह्यूज’, ‘व्हास्ट’ चालतात, पण चीन किंवा भारतासाठी. एखाद्या तालुक्याला ‘व्हास्ट’ लावू नका. आपल्याकडची ठरलेली चूक म्हणजे ‘इंडिया हॅज मोर पॉप्युलेशन’. ‘मोर’ म्हटलं की कुणापेक्षा, हे सांगावंच लागतं. तुलना करायची नसेल तर ‘इंडिया हॅज अ लार्ज पॉप्युलेशन’ एवढंच. ‘हाय पॉप्युलेशन’ तुम्हाला काही लेखांत दिसेल, पण परीक्षेत मी ते लिहू देत नाही. ‘हाय’ आणि ‘लो’ हे शब्द दरासाठी आणि घनतेसाठी राखून ठेवा: हाय बर्थ रेट, लो डेन्सिटी. आकाराला लार्ज-स्मॉल, दराला हाय-लो, ही एक सवय लागली तरी लिखाण लगेच सुधारतं.

आकडा देताना साचा ठरलेला आहे: ‘हॅज अ पॉप्युलेशन ऑफ’ आणि मग संख्या. यातला ‘अ’ आपली मुलं हमखास गाळतात, कारण मराठीत त्याला जागाच नाही. ‘कोल्हापूर हॅज पॉप्युलेशन ऑफ’ हे वाक्य परीक्षकाला पहिल्याच ओळीत टोचतं. दुसरा साचा ‘स्टूड ॲट’. आलेखावर लिहिताना तो फार उपयोगी पडतो: ‘इन २०११, द पॉप्युलेशन ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट स्टूड ॲट ३.८८ मिलियन.’ प्रश्न विचारताना ‘व्हॉट इज द पॉप्युलेशन ऑफ कोल्हापूर?’ असं विचारतात. ‘किती’ म्हणून ‘हाऊ मच पॉप्युलेशन’ किंवा ‘हाऊ मेनी पॉप्युलेशन’ आलं की ते मराठीतून उचललेलं आहे हे लगेच कळतं.

आता त्या ३.८८ मिलियनकडे बघा, कारण इथं भाषेबरोबर हिशेबही चुकतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. म्हणजे ३८.७६ लाख. दहा लाख म्हणजे एक मिलियन, म्हणून लाखातल्या आकड्याचं दशांशचिन्ह एक घर डावीकडं सरकवायचं: ३.८७६ मिलियन. बोलताना ‘जस्ट अंडर ३.९ मिलियन’ किंवा ‘नियरली ३.९ मिलियन’. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या त्याच जनगणनेत ५,४९,२३६ होती, तिला ‘जस्ट ओव्हर हाफ अ मिलियन’ म्हणता येतं. एक कोटी म्हणजे दहा मिलियन आणि शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. देशाचे १२१ कोटी म्हणजे १.२१ बिलियन. भारतातल्या वाचकासाठी लिहीत असाल तर लाख-कोटी बेलाशक वापरा, ते भारतीय इंग्रजीत रुळलेले शब्द आहेत. आयईएलटीएसला मात्र मिलियनच. आणि संख्या पुढं असेल तर मिलियनला ‘एस’ लावायचा नाही: ‘३.९ मिलियन पीपल’. संख्या नसेल तेव्हाच ‘मिलियन्स ऑफ पीपल’.

दुसरी गोष्ट दाटी. इथं ‘डेन्सली पॉप्युलेटेड’ आणि ‘स्पार्सली पॉप्युलेटेड’ ही जोडी आहे. ‘थिकली पॉप्युलेटेड’ आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत भरपूर होतं, चूक नाही, पण आता ‘डेन्सली’च जास्त चालतं. ‘थिनली पॉप्युलेटेड’ही ऐकायला येतं. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे हे शब्द जागेला लागतात, माणसांना नाही. शिरोळ, हातकणंगले हा सपाटीचा, बागायती, उसाचा आणि यंत्रमागांचा भाग दाट वस्तीचा. गगनबावडा घाटमाथ्यावरचा, जंगलाचा आणि प्रचंड पावसाचा, २०११ मध्ये अख्ख्या तालुक्यात ३६ हजारांच्या आसपास माणसं. म्हणून ‘हातकणंगले इज अ डेन्सली पॉप्युलेटेड तालुका, व्हेअरॲज गगनबावडा इज स्पार्सली पॉप्युलेटेड.’ नाम वापरायचं असेल तर ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’, आणि ती हाय किंवा लो. २०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला ५०४ होती, महाराष्ट्राची ३६५. वाक्य असं होईल: ‘द डिस्ट्रिक्ट हॅज अ हायर पॉप्युलेशन डेन्सिटी दॅन द स्टेट ॲज अ होल.’

‘पॉप्युलस’ हा शब्द मात्र दाटीचा नाही, आकाराचा आहे, आणि इथं हुशार मुलंही घसरतात. ‘मोस्ट पॉप्युलस’ म्हणजे एकूण माणसं सर्वांत जास्त. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार एप्रिल २०२३ मध्ये भारतानं चीनला मागं टाकलं. तेव्हापासून भारत ‘द वर्ल्ड्स मोस्ट पॉप्युलस कंट्री’ आहे. पण जगातला सर्वांत दाट वस्तीचा देश भारत नाही. मोनॅको, सिंगापूर हे चिमुकले देश त्या बाबतीत कितीतरी पुढं आहेत. म्हणजे एखादा देश पॉप्युलस असून विरळ असू शकतो, रशियासारखा, आणि लहान असून दाट असू शकतो. हा फरक कळला की ‘डेन्सली पॉप्युलेटेड’ आणि ‘पॉप्युलस’ तुम्ही पुन्हा कधी अदलाबदल करणार नाही. आणि ‘पॉप्युलस’चं स्पेलिंग लिहिताना ‘पॉप्युलर’ होऊ देऊ नका. घाईत ते फार होतं.

‘ओव्हरपॉप्युलेटेड’ आणि ‘ओव्हरक्राउडेड’ही एक नव्हेत. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळी सुटणारी गारगोटीची एसटी ‘ओव्हरक्राउडेड’ असते. सरकारी दवाखान्यातला वॉर्ड, भाड्याची खोली, तुरुंग हे सगळे ओव्हरक्राउडेड. ‘ओव्हरपॉप्युलेटेड’ म्हणजे त्या प्रदेशातल्या पाण्याला, जमिनीला, रोजगाराला पेलणार नाहीत इतकी माणसं. हा एक दावा आहे, नुसतं वर्णन नाही. तो करायचा तर कारण द्यावं लागतं. कारणाशिवाय ‘कोल्हापूर इज ओव्हरपॉप्युलेटेड’ लिहू नका.

तिसरी गोष्ट वेग, आणि यातच खरा माल आहे. आलेखाचा प्रश्न असो की निबंध, गुण इथं मिळतात आणि इथंच जातात.

वाढीची साधी क्रियापदं तीन: ग्रो, इन्क्रीज, राइज. तिन्ही बिनधास्त वापरा. त्यांना वेगाचा शब्द जोडायचा: रॅपिडली, स्टेडिली, शार्पली, स्लोली, ग्रॅज्युअली. ‘डे बाय डे’ सोडून द्या. चुकीचं आहे म्हणून नव्हे. लोकसंख्या कुणी रोज मोजत नाही आणि ते वाक्य वाचून वाचून गुळगुळीत झालंय म्हणून. ‘स्टेडिली’ हा एक शब्द त्याची जागा सहज घेतो. ‘डबल’ आणि ‘ट्रेबल’ ही क्रियापदं नेमकी आहेत, आकडा खरंच दुप्पट किंवा तिप्पट झाला असेल तरच वापरा. ‘सोअर’ आणि ‘शूट अप’ म्हणजे झपाट्यानं वर जाणं. एखाद्या औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावाला शोभतात. ‘स्वेल’ हा सुंदर शब्द आहे, नदीचं पाणी फुगावं तसं फुगणं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लाखो भाविक येतात, तेव्हा ‘द सिटीज पॉप्युलेशन स्वेल्स ड्युरिंग नवरात्र’. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरते तेव्हा तिथल्या वाडी रत्नागिरी या गावासाठीही हेच वाक्य. ही माणसं तिथली रहिवासी नसतात, येतात आणि जातात. त्यांना ‘फ्लोटिंग पॉप्युलेशन’ म्हणतात. पाणीपुरवठा आणि कचऱ्याचं नियोजन करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द रोज असतो.

घट सांगायला डिक्लाइन, फॉल, ड्रॉप, श्रिंक. ‘ड्विंडल’ म्हणजे हळूहळू झिजत जाणं. ओस पडत चाललेल्या गावासाठी, नामशेष होत चाललेल्या प्राण्यासाठी. घाट उतरून कोकणात गेलं की याचं उदाहरण समोरच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या २.२ टक्क्यांनी आणि रत्नागिरीची ४.८ टक्क्यांनी घटली. महाराष्ट्राची त्याच काळात १६ टक्क्यांनी वाढली. मुंबई-पुण्याकडं गेलेली माणसं हे त्यामागचं मोठं कारण. वाक्य: ‘द पॉप्युलेशन ऑफ रत्नागिरी डिक्लाइन्ड बाय ४.८ पर्सेंट बिट्वीन २००१ अँड २०११.’

या वाक्यातल्या ‘बाय’कडं लक्ष द्या. ‘बाय’ फरक सांगतो, ‘टू’ शेवटचा आकडा सांगतो, ‘फ्रॉम’ सुरुवातीचा. कोल्हापूर जिल्हा २००१ मध्ये ३५.२३ लाखांचा होता, २०११ मध्ये ३८.७६ लाखांचा झाला. ‘ग्रू फ्रॉम ३.५२ मिलियन टू ३.८८ मिलियन’, म्हणजेच ‘ग्रू बाय १० पर्सेंट’. ‘ग्रू टू १० पर्सेंट’ लिहिलं की अर्थच वेगळा होतो. जिल्हा कशाच्या तरी दहा टक्क्यांवर येऊन पोचला असं वाचणाऱ्याला वाटतं. नाम वापरलं तर ‘बाय’ जातो आणि ‘ऑफ’ येतो: ‘ॲन इन्क्रीज ऑफ १० पर्सेंट’. कशात, हे सांगायला ‘इन’: ‘ॲन इन्क्रीज इन पॉप्युलेशन’. क्रियापदाला बाय, नामाला ऑफ. हे एक पान वहीत दहा वेगळ्या आकड्यांनी भरून काढा, बोटांत बसेल.

आता वेगातली सर्वांत नाजूक जागा. वाढीचा दर कमी होणं आणि लोकसंख्या कमी होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. १९९१ ते २००१ या दशकात कोल्हापूर जिल्हा १७.८५ टक्क्यांनी वाढला, पुढच्या दशकात १०.०१ टक्क्यांनी. लोकसंख्या घटली का? मुळीच नाही, साडेतीन लाख माणसं वाढलीच. मंदावली ती वाढ. म्हणून ‘पॉप्युलेशन ग्रोथ स्लोड’ किंवा ‘द ग्रोथ रेट फेल’. ‘पॉप्युलेशन फेल’ लिहिलंत तर तुम्ही साडेतीन लाख माणसं पुसून टाकलीत. शिवाय १७.८५ वरून १०.०१ ही घट ‘नियरली एट पर्सेंटेज पॉइंट्स’ची आहे, ‘एट पर्सेंट’ची नाही. टक्क्यांमधला फरक सांगताना ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ हीच जोडी. वर्तमानपत्रांतही ही गल्लत रोज होते; तुम्ही केली नाही तर परीक्षक त्याची दखल घेतो.

वाढ थांबायला आली की ‘लेव्हल ऑफ’, ‘स्टॅबिलाइज’. शिखराला पोचली की ‘पीक’. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १०.३ अब्जांवर पोचेल आणि मग हळूहळू उतरेल: ‘इज प्रोजेक्टेड टू पीक ॲट अराउंड १०.३ बिलियन’. इथं ‘प्रोजेक्टेड’ महत्त्वाचा. जनगणनेत मोजलेला आकडा ‘रेकॉर्डेड’, दोन जनगणनांच्या मधला किंवा आजचा काढलेला आकडा ‘एस्टिमेटेड’, भविष्यातला ‘प्रोजेक्टेड’. १५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या आठ अब्ज झाली असं संयुक्त राष्ट्रसंघानं मानलं, त्याला ‘रीच्ड एट बिलियन’ किंवा ‘पास्ड द एट बिलियन मार्क’ म्हणतात.

‘पॉप्युलेशन एक्स्प्लोजन’बद्दल माझं मत स्पष्ट आहे. हा शब्द साठ-सत्तरच्या दशकांत शोभत होता, तेव्हा देशाची दशकातली वाढ २४ टक्क्यांच्या वर होती. २००१ ते २०११ मध्ये ती १७.७ टक्क्यांवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागं सरासरी मुलं, २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. पिढी जागच्या जागी टिकायला तो २.१ लागतो, त्या पातळीला ‘रिप्लेसमेंट लेव्हल’ म्हणतात. म्हणजे आपण ‘बिलो रिप्लेसमेंट लेव्हल’ आहोत. तरीही एकूण आकडा वाढतोय, कारण आई होण्याच्या वयातल्या मुलींची संख्याच मोठी आहे. या ओढीला ‘पॉप्युलेशन मोमेंटम’ असं नाव आहे. स्फोट म्हटलं की माणसं म्हणजे संकट, असा सूर लागतो, आणि आकडे तसं म्हणत नाहीत. ‘रॅपिड पॉप्युलेशन ग्रोथ’ लिहा, त्यात सगळं येतं.

चौथी गोष्ट घडण, म्हणजे त्या लोकसंख्येत कोण आहे. इथं पॉप्युलेशनच्या आधी विशेषण येतं: अर्बन, रूरल, लोकल, वर्किंग-एज, एल्डर्ली, मायग्रंट, स्टुडंट. ‘एजिंग पॉप्युलेशन’ म्हणजे म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, जपानसाठी ठरलेला शब्द, आणि आता केरळ-महाराष्ट्रासाठीही लागू लागलाय. ‘ओल्ड पॉप्युलेशन’ म्हणू नका. वाटा सांगायचा तर ‘ऑफ द पॉप्युलेशन’ शेवटी: ‘जस्ट अंडर अ थर्ड ऑफ द डिस्ट्रिक्ट्स पॉप्युलेशन लिव्ह्ज इन अर्बन एरियाज’, २०११ मध्ये जिल्ह्याचा शहरी वाटा ३२ टक्क्यांच्या जवळ होता. ‘द मेजॉरिटी ऑफ’, ‘अ लार्ज सेक्शन ऑफ’, ‘अ स्मॉल प्रपोर्शन ऑफ’ हेही तसेच. काम करू शकणाऱ्या वयातली माणसं जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली कमी, अशा काळातल्या फायद्याला ‘डेमोग्राफिक डिव्हिडंड’ म्हणतात. तो आपोआप मिळत नाही, शिक्षण आणि रोजगार असेल तरच पदरात पडतो, म्हणून ‘रीप’, म्हणजे पिकाची कापणी करणं, हे क्रियापद त्याला लागतं.

दरांचा एक वेगळा गट आहे. बर्थ रेट, डेथ रेट, लिटरसी रेट, इन्फंट मॉर्टॅलिटी रेट. हे सगळे हाय-लो असतात, राइज-फॉल होतात. बर्थ रेट आणि फर्टिलिटी रेट एकच समजू नका: पहिला दर हजार लोकसंख्येमागं वर्षात किती जन्म, दुसरा एका स्त्रीला सरासरी किती मुलं. ‘लाइफ एक्स्पेक्टन्सी’ला रेट लागत नाही.

सेक्स रेशोपाशी थांबायला हवं. आपल्याकडं तो दर हजार पुरुषांमागं स्त्रिया असा मोजतात. कोल्हापूर जिल्ह्याचा २०११ चा आकडा ९५७. पण आंतरराष्ट्रीय आकडेवारीत तो दर शंभर स्त्रियांमागं पुरुष असा देतात. तोच ९५७ तिकडं साधारण १०४.५ होतो. म्हणून ‘द सेक्स रेशो इज ९५७’ एवढंच लिहून सोडलंत तर परदेशी परीक्षकाला काही बोध होणार नाही. ‘९५७ फीमेल्स पर १,००० मेल्स’ असं पूर्ण लिहा. आपल्या जिल्ह्याला या विषयाची जखम आहे. २००१ मध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं फक्त ८३९ मुली होत्या. अशा आकड्याला ‘स्क्यूड’ म्हणतात, तोल गेलेला: ‘अ स्क्यूड चाइल्ड सेक्स रेशो’. यावर लिहिताना शब्द चुकीचा पडू देऊ नका, कारण विषय मुलींच्या जिवाचा आहे.

माणसं काहीतरी करतात तेव्हा पॉप्युलेशन लिहायचं नाही. पॉप्युलेशन रांगेत उभी राहत नाही, चालत नाही, रडत नाही. ‘मच पॉप्युलेशन केम फॉर दर्शन’ हे चूक. तिथं पीपल, पिल्ग्रिम्स, किंवा ‘लार्ज क्राउड्स’. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं हलवली, तेव्हा ‘रेसिडेंट्स वर इव्हॅक्युएटेड’. ‘पॉप्युलेशन वॉज शिफ्टेड’ नको. गंमत अशी की इंग्रजीत प्राण्यांना मात्र पॉप्युलेशन चालतं. मराठीत गव्यांची लोकसंख्या म्हणता येत नाही, इंग्रजीत राधानगरी अभयारण्यातल्या गव्यांसाठी ‘द गौर पॉप्युलेशन’ हाच शब्द आहे. गावातल्या मोकाट कुत्र्यांसाठीही ‘द स्ट्रे डॉग पॉप्युलेशन’.

स्थलांतराचे शब्द कोल्हापूरकराला दारातच सापडतात. गाळप हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, फडाशेजारी कोपी घालून राहतात, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की परत जातात. हे ‘सीझनल मायग्रेशन’, ती माणसं ‘मायग्रंट वर्कर्स’. एकदम लोंढा आला तर ‘ॲन इन्फ्लक्स ऑफ’, एकदम गेला तर ‘ॲन एक्झोडस’. देशातल्या देशात ‘मायग्रेट’ म्हणायचं. ‘इमिग्रेट’ आणि ‘एमिग्रेट’ देशाची सीमा ओलांडली तरच. बीडहून कुणी इमिग्रेट होत नाही.

वाढीचा परिणाम सांगायला दोन जोड्या पुरतात: ‘पुट प्रेशर ऑन’ आणि ‘प्लेस अ स्ट्रेन ऑन’. पंचगंगेवर, रस्त्यांवर, शाळांवर. जनगणना ‘कंडक्ट’ करतात किंवा ‘कॅरी आउट’ करतात, ‘डू’ करत नाहीत. २०११ नंतरच्या जनगणनेचा संदर्भ दिवस, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो, देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे. घरोघरी जाणारे प्रगणक, ज्यांत आपले शिक्षकच जास्त असतात, ते ‘एन्युमरेटर्स’. नवे आकडे येईपर्यंत लिखाणात ‘ॲकॉर्डिंग टू द २०११ सेन्सस’ हे घालायला विसरू नका, म्हणजे जुना आकडा आजचा म्हणून जात नाही.

राहिलं ‘इज’ की ‘आर’. पॉप्युलेशन एकवचनी: ‘द पॉप्युलेशन इज ग्रोइंग’, ‘द पॉप्युलेशन हॅज फॉलन’. ‘अ थर्ड ऑफ द पॉप्युलेशन’ किंवा ‘मोस्ट ऑफ द पॉप्युलेशन’ यांच्यापुढं ‘लिव्ह्ज’ आणि ‘लिव्ह’ दोन्ही सापडतात, ब्रिटिश लिखाणात अनेकवचन बरंच दिसतं. तुम्ही एकवचन धरा आणि पूर्ण उत्तरात तेच ठेवा. ‘पॉप्युलेशन्स’ फक्त अनेक ठिकाणच्या किंवा अनेक गटांच्या लोकसंख्या एकत्र बोलताना. आणि दोन गावांची तुलना करताना ‘दॅट ऑफ’ विसरू नका. २०११ मध्ये इचलकरंजीची लोकसंख्या २.८७ लाख होती, कोल्हापूर शहराची ५.४९ लाख. ‘द पॉप्युलेशन ऑफ कोल्हापूर इज लार्जर दॅन इचलकरंजी’ लिहिलं तर लोकसंख्येची तुलना शहराशी होते. ‘लार्जर दॅन दॅट ऑफ इचलकरंजी’ हे बरोबर, आणि आकडा हाताशी आहे तर त्याहून नेमकं: ‘नियरली ट्वाइस दॅट ऑफ इचलकरंजी’.